हाडांचा चहा

मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लांग नांवाचें एक शहर आहे. तेथील चिनी वस्तींत दिवस उजाडतां उजाडतां लोक न्याहरीस बसतात, तेव्हां त्यांच्यापुढें वाफाळलेल्या भाताचा वाडगा, डुकराच्या बरगड्यांच्या काळसर रश्शाचें मातीचें भांडें, आणि बाजूस कोऱ्या चहाची लहानशी किटली असा थाट असतो. ह्या रश्शास ते लोक 'बाक कुट ते' असें म्हणतात. होक्कियेन बोलींत 'बाक' म्हणजे मांस, 'कुट' म्हणजे हाड व 'ते' म्हणजे चहा. म्हणजे नांव झालें 'मांस-हाडांचा चहा'. परंतु ज्या भांड्यांत तो शिजतो त्यांत चहाची एक पत्तीही पडत नाहीं! मग हें नांव कसें पडलें, ह्या रश्शांत असतें तरी काय, तो घरीं कसा करावा, आणि औषधी म्हणून त्याचा जो लौकिक आहे त्यांत तथ्य किती, ह्या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें.

एकोणिसाव्या शतकांत व विसाव्याच्या आरंभीं दक्षिण चीनच्या फूजियान प्रांतांतून पुष्कळ मजूर पोटासाठीं मलायांत आले. कोणी कथलाच्या खाणींत राबले, कोणी रबराच्या मळ्यांत, तर कोणी बंदरांत ओझीं वाहूं लागले. क्लांग नदीच्या मुखाशीं १९०१ सालीं पोर्ट स्वेटनहॅम हें बंदर सुरू झालें. त्यालाच आज पोर्ट क्लांग असें म्हणतात. चांगलें मांस घेण्याची ह्या मजुरांची ऐपत नव्हती. म्हणून स्वस्त मिळणारीं हाडें आणि वैद्याच्या दुकानांतून आणलेल्या मुळ्यांचे तुकडे एकत्र उकळून त्यांनीं हा रस्सा सिद्ध केला, असें परंपरेनें सांगतात. दमट हवेंत दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यास पहाटेस पोटभर, ऊन ऊन व खारट असें अन्न मिळणें केवढें मोलाचें असतें, हें निराळें सांगावयास नको. चहा हें नांव पडण्याचीं दोन कारणें सांगतात. रश्शाबरोबर कडक चहा पिण्याची चाल आहे, म्हणून तें पडलें, हें एक. आणि क्लांग येथील एका जुन्या खाणावळीच्या मालकाच्या नांवांत 'ते' हें अक्षर होतें, त्यावरून तें पडलें, हें दुसरें.

हा रस्सा समजावयाचा तर चिनी लोकांची आहाराविषयींची एक कल्पना ध्यानांत घेतली पाहिजे. चिनी भाषेंत 'तांग' ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : जेवणांतील सार, आणि वैद्यानें सांगितलेला काढा. अन्न व औषध ह्यांचा उगम एकच आहे, असें ते लोक मानतात. सोंग राजवटीच्या काळांतील सरकारी औषधसंग्रहांत 'सि-वू-तांग', म्हणजे चार द्रव्यांचा काढा, नमूद केलेला आहे. त्या चारांपैकीं तीन मुळ्या आजही बाक कुट ते ह्याच्या पुरचुंडींत सांपडतात. ही कल्पना आपणांस परकी वाटावयास नको. आजाऱ्यास आपण मुगाचें कढण देतों आणि पडशावर काढा देतों. कढण आणि काढा हे दोन्ही शब्द कढविण्याच्या एकाच क्रियेपासून निघालेले आहेत. कोणता पदार्थ उष्ण व कोणता थंड, ह्याची चर्चा जशी आपल्या आजीबाई करितात, तशीच ती चिनी आजीबाईही करितात.

आतां भांड्यांत पडणाऱ्या वस्तूंची ओळख करून घेऊं. दांगग्वी ही मुळी कोथिंबीर, ओवा व गाजर ह्यांच्या कुळांतील आहे. तिचा वास उग्र व चव किंचित् कडवट असून रश्शाचा जो विशिष्ट औषधी गंध, तो मुख्यतः हिचाच. च्वानश्योंग हीही त्याच कुळांतील मुळी असून तिच्या नांवांतील पहिलें अक्षर सिच्वान प्रांताचें दर्शक आहे. शूदी ही मुळी वारंवार वाफवून काळी कुळकुळीत केलेली असते; तिच्यामुळें रश्शास रंग व गोडसरपणा येतो. दांगशेन ह्या मुळीस 'गरिबांचा जिनसेंग' म्हणतात. हिची चव सौम्य व गोड आहे. यूजू नांवाचे पिवळसर कंदही गोडच असतात. ज्येष्ठमध आपल्या परिचयाचाच आहे. सुकविलेलीं लाल बोरें आपल्या बोरांच्या जवळच्या जातीचीं होत. आणि गोजी हीं बारीक तांबडीं फळें वांगीं-टोमॅटोंच्या कुळांतील आहेत.

ह्यांच्या जोडीला येतात ते मसाले तर आपल्याच डब्यांतले : दालचिनी, लवंग, बडीशेप, मिरी, आणि चक्रीफूल, ज्यास आपण बादियान म्हणतों. दालचिनी ह्या नांवाचा मूळ फारसी अर्थच 'चिनी लांकूड' असा आहे. उलटपक्षीं, मिरी मूळची मलबारची, ती समुद्रमार्गें चीनला गेली. ही देवघेव फार जुनी आहे. चोपचिनी नांवाची मुळी चीनमधून हिंदुस्थानांत आली. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथांत तिची चर्चा आहे, आणि भावप्रकाशांतही ती आढळते. तिच्याच एका भगिनीजातीची मुळी कँटनकडील लोक आजही हाडांच्या रश्शांत घालतात. तेव्हां हें भांडें जितकें दूरचें वाटतें तितकें तें दूरचें नाहीं.

पांच-सहा माणसांस पुरेल इतक्या रश्शाचें प्रमाण असें : डुकराच्या मांसल बरगड्या १ किलो, पाणी २।। लिटर, लसणाचे अखंड गड्डे २, पांढरी मिरी, जराशी ठेचून, १ मोठा चमचा, दालचिनीचा बोटभर तुकडा १, चक्रीफुलें २, लवंगा ४, बडीशेप १ लहान चमचा. मुळ्यांपैकीं दांगशेन १५ ग्रॅम, यूजू १५ ग्रॅम, दांगग्वी ५ ग्रॅम, च्वानश्योंग ३ ग्रॅम, शूदी ५ ग्रॅम आणि ज्येष्ठमध ३ ग्रॅम. शिवाय बिया काढलेलीं लाल बोरें ६ व गोजी १ मोठा चमचा. रंग-चवीसाठीं साधा सोया सॉस ३ मोठे चमचे व दाट काळा सोया सॉस १ चमचा. मीठ शेवटीं चव पाहूनच घालावें, कारण सोया सॉस मुळांतच खारट असतो. मुळ्यांच्या बाबतींत हात सैल सोडूं नये. दांगग्वी दुप्पट घातली म्हणजे गुण दुप्पट येत नाहीं; रस्सा मात्र कडू होतो.

कृतीची पहिली पायरी म्हणजे मांस उकळून धुणें. बरगड्या दोन-दोन बोटें लांबीच्या तोडून घ्याव्या, थंड पाण्यांत घालून तें पाणी उकळूं द्यावें, आणि पांच मिनिटें उकळल्यावर सर्व पाणी ओतून टाकून बरगड्या स्वच्छ पाण्यानें धुवाव्या. कित्येकांस हा खटाटोप निरर्थक वाटतो. परंतु मांसांतील व हाडांतील रक्त आणि कांहीं प्रथिनें उष्णतेनें गोठून करड्या फेसाच्या रूपानें वर येतात, व तीं तशींच राहिल्यास रस्सा गढूळ होऊन त्यास उग्र वास येतो. थंड पाण्यापासून आरंभ करावयाचा तो एवढ्याचसाठीं कीं, तीं हळूहळू बाहेर यावीं. एकदम उकळत्या पाण्यांत मांस टाकलें तर वरचा थर आधींच आवळून घट्ट होतो.

दुसरी पायरी. मुळ्या व मसाले पाण्यांतून एकदां झटकन काढून मलमलीच्या स्वच्छ फडक्यांत सैलसर बांधावे. गोजी मात्र निराळी ठेवावी. लसणाच्या गड्ड्यांचीं वरचीं सुटीं सालें तेवढीं काढावीं. पाकळ्या सोलूं नयेत, म्हणजे त्या विरघळून न जातां आंतल्या आंत लोण्यासारख्या मऊ होतात.

तिसरी पायरी हीच खरी परीक्षेची. मोठ्या भांड्यांत २।। लिटर पाण्यास आधण आणून त्यांत बरगड्या, पुरचुंडी, लसूण व बोरें घालावीं. पुन्हां उकळी फुटली म्हणजे विस्तव मंद करावा. इतका मंद, कीं पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा यावा व जावा. झांकण थोडें तिरपें ठेवून सव्वा ते दीड तास तसेंच शिजूं द्यावें. खळखळा उकळल्यास चरबीचे बारीक कण पाण्यांत मिसळून रस्सा पांढुरका व तेलकट होतो. मंद आंचेवर मात्र चरबी वर तरंगत राहते, ती पळीनें काढून टाकतां येते. शिवाय बरगडीचें मांस मऊ होण्यास वेळच लागतो. स्नायूंस जोडणारे जे चिवट तंतु, त्यांतील कोलॅजेन नांवाचें द्रव्य पाण्यांत दीर्घकाळ तापल्यानेंच जिलेटिन होऊन विरघळतें. ओठांस किंचित् चिकटणारी रश्शाची जी घनता, ती ह्या जिलेटिनची होय. आंच वाढवून हें काम घाईनें उरकूं पाहणाऱ्याचें मांस आकसून कोरडें होतें. प्रेशर कुकरमध्यें तें लवकर मऊ होतें खरें. पण मधून मधून चव पाहतां येत नाहीं, व मुळ्यांचा कडवटपणा प्रमाणाबाहेर उतरल्यास तो सावरतां येत नाहीं. उघड्या भांड्यांत पाऊण तासानें चव घ्यावी, आणि गंध पुरेसा उतरला असल्यास पुरचुंडी तेव्हांच उचलावी.

शेवटच्या अर्ध्या तासांत दोन्ही सोया सॉस घालावे. वाटल्यास भिजविलेल्या सुक्या अळंब्या किंवा सोयाबीनच्या पनीराचे तळलेले तुकडेही घालावे. गोजी शेवटच्या दहा मिनिटांत टाकावी. हाडापासून मांस चमच्यानें सहज सुटूं लागलें, पण आपण होऊन गळून पडलें नाहीं, म्हणजे रस्सा तयार झाला असें समजावें. हा रस्सा साध्या भाताबरोबर खातात. सोबत मैद्याच्या लांब तळलेल्या कांड्या रश्शांत बुडवून घेतात, आणि लाल मिरचीचे काप घातलेल्या सोया सॉसमध्यें मांसाचा तुकडा टेंकवितात. नंतर साखर-दुधावांचून ऊलोंग जातीचा चहा पितात.

सर्व मुळ्या न मिळाल्या तरी निराश होण्याचें कारण नाहीं. सिंगापुरांत तिओच्यू लोकांच्या पद्धतीचा जो बाक कुट ते प्रसिद्ध आहे, त्यांत मुळ्यांचा भर नसून पांढरी मिरी व लसूण हींच मुख्य असतात. रस्सा फिकट, निवळ व झणझणीत असतो. वरील कृतींतून मुळ्या व काळा सॉस वगळून मिरी दुप्पट व लसणाचे गड्डे तीन घेतले कीं तो साधतो. गोव्यांत व वसईकडे डुकराचें मांस शिर्का व मिरचीत मुरवून शिजविण्याची जी रीत आहे, तिच्याहून ही अगदीं निराळी. तिकडे मसाला मांसांत शिरतो, इकडे मांसाचें सत्त्व पाण्यांत उतरतें.

आतां तो चौथा प्रश्न. हा रस्सा रक्त वाढवितो, सांधे बळकट करितो, थंडी घालवितो, असें ठामपणें सांगणारे पुष्कळ भेटतात. ह्यांपैकीं काय घ्यावें व काय सोडावें? मांसांत उत्तम प्रतीचीं प्रथिनें आहेत, तसेंच लोहही आहे. ऊन पातळ अन्नानें आजाऱ्याचा घसा शेकतो, त्यास तरतरी वाटते, व पाणी आणि मीठ पोटांत जातें. हा लाभ खरा आहे व लहान नाहीं. परंतु हाडांतील चुन्याचा अंश पाण्यांत फारच थोडा उतरतो. रस्सा पिऊन हाडें बळकट होतात ही समजूत निराधार आहे. जिलेटिनची गोष्ट तर इतिहासांतच आहे. फ्रान्समध्यें हाडांपासून काढलेल्या जिलेटिनवर गरिबांचें पोषण होईल काय, ह्याची चौकशी करण्यास एक समिति नेमली होती. मॅझांदी ह्या शरीरशास्त्रज्ञानें मांडलेल्या तिच्या १८४१ च्या अहवालांत असें निष्पन्न झालें कीं, केवळ जिलेटिनवर ठेवलेलीं कुत्रीं जगत नाहींत. शरीरास अवश्य असलेलें ट्रिप्टोफॅन हें द्रव्य जिलेटिनमध्यें नसतें, हें त्याचें एक कारण आज आपणांस ठाऊक आहे. म्हणून घरांत आजाऱ्यास नुसतें वरचें पाणी व इतरांस मांस, अशी वांटणी कोणी करूं नये. बळ हवें असेल तर मांसही आजाऱ्याच्याच ताटांत पडलें पाहिजे.

मुळ्यांविषयीं तर अधिकच सावध राहिलें पाहिजे. 'वनस्पति आहे, तिनें अपाय तो काय होणार?' असें म्हणणाऱ्यांनीं ब्रुसेल्स येथील हकीकत अवश्य ऐकावी. तेथें १९९० च्या सुमारास वजन उतरविण्यासाठीं स्त्रियांस चिनी मुळ्यांचीं चूर्णें देण्यांत येत होतीं. त्यांपैकीं कित्येकींचीं मूत्रपिंडें झपाट्यानें निकामी झालीं. डॉक्टरांनीं १९९३ सालीं ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. शोधाअंतीं असें दिसून आलें कीं, 'फांग-जी' ह्या मुळीच्या जागीं नामसादृश्यामुळें 'ग्वांग-फांग-जी' ही दुसरीच मुळी पडली होती. हिच्यांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतें. त्यानें मूत्रपिंडें नासतात व पुढें मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. आपल्याकडील ईश्वरमूळ ह्याच कुळांतील असून त्यांतही तेंच आम्ल आहे. वर सांगितलेल्या रश्शांत ही मुळी नसते, हें खरें. पण एका अक्षराच्या फरकानें केवढा अनर्थ ओढवतो, तें ह्यावरून दिसतें. यास्तव, ज्या पुडीवर प्रत्येक द्रव्याचें नांव स्पष्ट छापलेलें नाहीं ती घेऊं नये, आणि जें ओळखतां येत नाहीं तें भांड्यांत घालूं नये.

ओळखीच्या मुळ्यांसही मर्यादा आहेतच. दांगग्वी ही वारफरीन ह्या रक्त न गोठूं देणाऱ्या औषधाचा परिणाम वाढविते. तें औषध घेणाऱ्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं ती वर्ज्य करावी. ज्येष्ठमध नित्य व पुष्कळ पोटांत गेल्यास रक्ताचा दाब वाढतो व शरीरांतील पोटॅशियम कमी होतें. दाबाच्या विकाराच्या माणसास सोया सॉसचें मीठही बाधतें. दीर्घकाळ शिजविलेला मांसाचा रस्सा संधिवाताच्या ज्या प्रकारांत रक्तांत यूरिक आम्ल वाढतें, त्यांत टाळावा हें बरें. डुकराचें मांस अर्धकच्चें खाल्ल्यास पोटांत पट्टकृमि होण्याचें भय असतें. दीड तास शिजलेल्या मांसांत तें उरत नाहीं. तरी कच्चें मांस कापलेली सुरी, पाट व हात साबणानें धुतल्याशिवाय दुसऱ्या अन्नास लावूं नयेत. आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, दीर्घ आजारांत डॉक्टरांचें औषध बंद करून रश्शावर भिस्त ठेवणें म्हणजे रोग्याच्या जिवाशीं खेळणें होय. शेजारीपाजारीं असा सल्ला कोणी देत असल्यास आपल्यासारख्या शिकलेल्यांनीं तो नम्रपणें पण स्पष्टपणें खोडून काढला पाहिजे.

ज्यांच्या घरीं डुकराचें मांस निषिद्ध आहे असे आपले पुष्कळ विद्यार्थी व वाचक आहेत. त्यांनीं हें वर्णन केवळ माहिती म्हणून वाचावें. मलेशियांतही हाच प्रश्न आहे. त्या देशांत मुसलमान बहुसंख्य असून त्यांस हें मांस वर्ज्य आहे. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारींत तेथील सरकारनें बाक कुट ते ह्यास राष्ट्रीय वारशांतील खाद्यपदार्थांच्या यादींत स्थान दिलें, तेव्हां तेथें बराच वाद माजला. जो पदार्थ सर्वांस खातां येत नाहीं तो सर्वांचा कसा, असें कांहीं म्हणाले. तर ज्या मजुरांच्या श्रमांवर हा देश उभा राहिला त्यांची ती आठवण आहे, असें दुसऱ्यांचें म्हणणें पडलें. दरम्यान क्लांग व इतरत्र कोंबडीचा त्याच धर्तीचा रस्सा करणारीं दुकानें निघालीं आहेत. कोंबडीस पाऊण तास पुरतो. बाकीची कृति तीच. एकाच्या पानांत जें वाढलें आहे तें दुसऱ्याच्या पानांत नसेल; पण त्यामुळें एकानें दुसऱ्यास हीन लेखण्याचें कारण नाहीं, एवढें तरी आपल्या वसतिगृहांत एका पंगतीस बसणाऱ्या मुलांनीं ध्यानांत धरावें.

सारांश, बाक कुट ते हें औषध नव्हे; तें उत्तम अन्न आहे, आणि उत्तम अन्न असणें ही कांहीं कमी योग्यता नव्हे. गरीब मजुरांनीं हलक्या प्रतीच्या जिनसांतून तें निर्माण केलें. त्याची खुबी कोणत्याही गुप्त मुळींत नसून स्वच्छता, प्रमाण व मंद विस्तव ह्या तीन गोष्टींत आहे. घरांत कोणी आजारी असतां ज्यानें दीड तास चुलीपाशीं बसून फेस काढला, चव पाहिली आणि ऊन वाडगा त्याच्या हातीं दिला, त्यानें त्याची खरी शुश्रूषा केली. तो वाडगा पुढें आला म्हणजे उपकारस्तुति करून तो आनंदानें घ्यावा, आणि डॉक्टरांनीं दिलेली गोळीही वेळेवर घ्यावी.